बायकांची बाजू

शिरोड्याला मिठावरून धरपकड झाली, त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. लांज्याहून रत्नागिरीच्या बंदराकडे जाणारी सर्व्हिस मोटार तळेकोंडात थांबायची, ती काशीरामच्या घरापुढे. थांबा म्हणून तिथं काही नव्हतं. सडकेच्या पलीकडे गवताची एक खोप होती, पण तिचा एक खांब वाळवीने खाल्लेला, त्यामुळे आत कोणी बसत नसे. मोटारीची वाट बघणारी माणसं काशीरामच्या पडवीत बसायची.

पडवी काशीरामची खरी, पण सगळे म्हणायचे चिमावयनीची पडवी. काशीराम दिवसभर चिरेखाणीवर. चिमा घरी. सकाळी पडवी सारवून घ्यायची, घोंगडं अंथरायचं, तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढं करायचा. मुंबैला निघालेला माणूस शेवटचं पाणी तिच्या हातचं प्यायचा आणि मुंबैहून आलेला पहिलं. कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, कुठल्या गिरणीत खाडे चाललेत, सगळं आधी तिला कळायचं आणि मग वाडीला. दादू ड्रायव्हर भोंगा वाजवायचा तोसुद्धा तिच्या दाराकडे तोंड करून. "वयनी, पानी!" असं तो ओरडला की चिमा हातातलं काम टाकून उठायची. पदर सावरत बाहेर येताना तिच्या चालण्यात वेगळाच ताठा असायचा.

शिमगा झाला आणि दादूने एक दिवस पाणी पिता पिता सांगितलं, "वयनी, पावसानंतर मोटार हितं थांबायची न्हाय बहुतेक."

"का रे? काय झालं?"

"म्यानेजर म्हनतो, धड जागा न्हाय. मानसं घरात बसतात, मोटार आली की चपला शोधत धावतात. उशीर होतो. फुडल्या गावानं पत्र्याची शेड बांधायचं कबूल केलंय. तुमच्या गावानं चांगली जागा केली तर राहील, न्हायतर दसऱ्यापासून थांबा तिकडं."

पुढलं गाव म्हणजे घाटी चढून उतरायची. डोकीवर ओझं, काखेत पोर घेऊन. ही बातमी वाडीत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी धोंडू गावकाराने गाव बोलावला, आणि तोही चिमेच्या पडवीत.

माणसं दाटीवाटीने बसली. चिमा पाण्याचे तांबे फिरवत होती. धोंडू म्हणाला, "चार खांब उबे करू. वर गवत. झालं."

"गवत दर साली बदलावं लागंल," रामा म्हणाला. रामा चिमेच्या शेजारचा, सगुणेचा नवरा. "कौलं घाला. किंजळीचे वासे माज्याकडं हायत."

"भिंती जांभ्याच्या करू," काशीराम म्हणाला. "चिरा मी काढतो. नुसती मोटारीपुरती कशाला? फुडं अंगन ठेवू. नमनाचे खेळे तितं नाचतील. भजन करता येईल. गावाला बसायला एक जागा न्हाय."

सगळ्यांना ते पटलं. मग माजघराच्या दाराआडून आवाज आला.

"आनि बायका कुटं बसतील?"

सगळ्यांनी माना वळवल्या. आवाज मैनेचा होता. मैना म्हणजे काशीरामच्या धाकट्या भावाची, बाबल्याची बायको. बाबल्या मुंबैला गिरणीत. त्याच्या एका सोबत्याची ही बहीण, केळशीची. चार वर्षं झाली लग्नाला, मूल नव्हतं. एरवी फारशी बोलत नसे. जेठासमोर तर नाहीच.

धोंडू हसला. "बायका काय, बसतील कडंला."

"केळशीला खाडीवर तरीच्या धक्क्यावर हाय तशी करा," मैना दाराआडूनच म्हणाली. "मदी भिंत. एक बाजू सडकेकडं, बाप्यांची. दुसरी मागं शेताकडं तोंड करून. तितं बायका बसतात. कोन बगत न्हाय, पोराला पाजता येतं."

बाप्ये एकमेकांकडे बघू लागले. तशी ती पुढं आली, डोक्यावरचा पदर आणखी खाली ओढला, आणि चुलीजवळच्या करवंट्या आणून उंबऱ्याच्या आत मांडल्या. ही सडक. ही भिंत. हा कट्टा. आणि कोपऱ्यात एक उंच दगड, डोकीवरचं ओझं दुसऱ्याची मदत न घेता उतरवायला आणि परत चढवायला. धोंडू उठून पाहायला आला. त्याच्यामागून बाकीचे आले. पाण्याचा तांबा हातात घेऊन चिमा मागं उभी राहिली. तिच्या पुढं माणसांच्या पाठी होत्या. पाणी कुणी मागितलं नाही.

"पोरीनं डोकं चालवलं," धोंडू म्हणाला.

सडकेपलीकडे, खोपीच्या जागी, काम दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं. प्रत्येक घरातून माणूस. काशीराम पहाटे उठून खाणीवर जायचा. टिकावाने कातळात चर मारायचा, पहार घालून चिरा सुटा करायचा, मग तासून चौकोनी. त्याच्या अंगावर तांबडी धूळ बसायची, घामाच्या रेघांनी ती फाटायची. बायका डोकीवर चुंबळ ठेवून चिरे वाहायच्या. चिरा नुकता काढलेला असला की ओला आणि जड. चिमेच्या मानेत संध्याकाळी कळ यायची. तरी रात्री ती जात्यावर बसायची.

दगड ती वाहत होती कशासाठी, तर आपली पडवी ओस पडावी म्हणून. हे तिला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. पण ती गावाला काय सांगणार? की माझ्या घरात बसा?

जेवताना वेगळाच त्रास. काशीराम पाटावर बसायचा, मैना चुलीपाशी भाकरी थापायची. जेठाने धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायची रीत नव्हती. त्यामुळे दोघांच्या मध्ये चिमा.

"तिला विचार," काशीराम म्हणायचा, "मागच्या कट्ट्याची रुंदी किती ठेवायची."

चार हातांवर बसलेली मैना ऐकत असायची. तरी चिमा म्हणायची, "ते विचारतायत, कट्टा किती रुंद?"

"भावोजींना सांगा, बाय, मांडी घालून बसता यावं. पोर निजवलं तर पडू नये."

"म्हंते, मांडी घालून बसता यावं. पोर निजवता यावं."

"भिंत किती उंच?"

"उबी ऱ्हायली तर डोकं दिसू नये, पन मोटारीचा भोंगा ऐकू यावा."

रोज हेच. काशीराम जेवण पुरतं संपवायच्या आधीच नवं काहीतरी विचारायचा. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली, पण चिमेला त्याने कधी एवढे प्रश्न विचारले नव्हते. खाणीतून आला की हात धुवायचा, जेवायचा, झोपायचा. आता त्याच्या डोळ्यांत काहीतरी पेटलेलं असायचं. ते वाईट नव्हतं, हे चिमेला कळत होतं. मैनेकडे तो मान वर करून बघतही नसे. तो बघत होता त्या थांब्याकडे. पण तो थांबा मैनेचा होता, आणि चिमा मधल्या नळीसारखी. इकडचं तिकडं ओतायचं. आपलं काही नाही.

कामावर बायका मैनेभोवती जमू लागल्या. दुपारी पेज प्यायला बसलं की सगुणा म्हणायची, "मैने, हिकडं ये गो. तो ओझ्याचा दगड कुटं बसवनार?" मग मैना हाताने दाखवायची. केळशीच्या गोष्टी सांगायची, खाडीच्या, तरीवरच्या बायकांच्या. हसायची. मैना एवढी हसते हे चिमेला चार वर्षांत ठाऊक नव्हतं.

"वयनी, तुमी काय बोलत न्हाय?" एकदा सगुणेने विचारलं.

"काय बोलायचं? मी चिरं वाहते."

"तुमची पडवी आता मोकळी होईल. सुटलाव म्हना. दिसभर लोकांचं पानी भरायचं."

सगुणा ते चांगल्या मनाने बोलली. चिमेने पेजेचं वाटीभर पाणी घटाघटा प्यायलं आणि उठली.

चैत्र संपत आला. मधली भिंत कमरेपर्यंत आली होती. त्या दिवशी ऊन असं होतं की चिऱ्याला हात लावला की पोळत होतं. काशीराम भिंतीवर बसून चिखल पसरत होता. खाली मैना चिखल कालवत होती. चिमा डोकीवर चिरा घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली, कुणीतरी उतरवून घेईल म्हणून.

"मैना," काशीराम म्हणाला, "बाजूच्या भिंतीची खिडकी हितं घेऊ का तितं?"

"तितंच, भावोजी. शेताचा वारा तिकडनं येतो."

"बरं."

एवढंच. काशीरामने थापी उचलली. मैना वळून परत चिखल तुडवू लागली. आपण रीत मोडली हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. चिमा डोकीवरचा चिरा घेऊन तशीच उभी. मानेची शीर ताणून दुखत होती.

"अगो, उतरवा ना कोनी," रामा म्हणाला आणि त्याने चिरा उतरवून घेतला.

चिमा घरी गेली नाही. रिकाम्या डोक्याने ती बावीवर गेली. तिथं सगुणा आणि आणखी दोघी-तिघी घागरी भरत होत्या. आपण काय बोलणार आहोत हे चिमेला बावीच्या कठड्याला हात लागेपर्यंत ठाऊक नव्हतं.

"सगुने, काल मला सपान पडलं."

"कसलं?"

"एक म्हातारा. खांद्याला कांबळं, हातात काठी. थांब्याच्या पायावर बसलेला. म्हनतो, माज्या वाटंत दगड कोनी टाकलं?"

सगुणेच्या हातातला दोर थांबला. "गावचा राखनदार देव?"

"मला काय म्हाईत? मी बगितलं ते सांगितलं."

तिला वाटलं होतं, एक-दोन दिवस काम थांबेल. धोंडू येईल, पडवीत बसेल, विचारेल, वयनी, काय बगितलंव? मग आपण सांगू, नारळ द्या आणि करा काम. एवढंच हवं होतं तिला. कुणी तरी तिला विचारावं.

पण संध्याकाळी रामाच्या पायावर चिरा पडला. अंगठ्याचं नख उपटलं, पाय सुजून भोपळ्यासारखा झाला. सगुणेने ऊर बडवून सगळ्या वाडीला स्वप्न सांगितलं. दुसऱ्या दिवशी कामावर कुणी आलं नाही.

धोंडूने देवळात कौल लावला. लवू गुरवाने देवाला पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं, "रे बा म्हाराजा, गावाच्या हातून चूक झाली आसंल तर डावा दे, न्हायतर उजवा दे." पाकळी डावी पडली नाही, उजवी पडली नाही. जागची हललीच नाही.

"देव गप हाय," लवू म्हणाला. "आता थांबा."

अर्धी भिंत उन्हात तशीच राहिली. चिखल वाळून भेगाळला. आणि माणसं परत चिमेच्या पडवीत येऊ लागली.

पहिल्या दिवशी चिमेने पडवी दोनदा सारवली. धोंडू आला, बसला, खरंच विचारलं, "वयनी, काठी कुटल्या हातात व्हती?" तिने सांगितलं. चार बाप्ये मान पुढं करून ऐकत होते. पाणी, गूळ, पानाचा डबा. दादूने भोंगा वाजवला तेव्हा ती धावत गेली. खूप दिवसांनी तिला बरं वाटलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पडवीतलं बोलणं बदललं.

"राखनदार उगाच रागावत न्हाय," एक म्हातारा म्हणाला. "जागा कोनी आखली? करवंट्या कोनी मांडल्या?"

"काशीरामच्या भावजयनं."

"तिची कूस रिकामी. असल्या बाईच्या हातानं जागा आखली तर आनि काय होनार?"

"आनि वर जेठाशी तोंड वर करून बोलते. मी ऐकलं ना."

चिमा दारात तांब्या घेऊन उभी होती. तिने मागं वळून पाहिलं. माजघरात मैना तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला, मग परत सुरू झाला.

चिमेने तोंड उघडलं. "तसं न्हाय वो, तिचा काय..." पण म्हातारा म्हणाला, "वयनी, तुमी पानी द्या," आणि तिने पाणी दिलं.

त्या दिवसापासून मैना पुढच्या दाराने बाहेर पडेना. गोठ्याकडून जायची, यायची. जेवायला बसली की दोन घास. काशीराम खाणीवर जात नव्हता. पडवीच्या टोकाला बसून टिकावाच्या दांड्याला काचेने घासत राहायचा. एकदा चिमेला म्हणाला, "तुला खरंच दिसला?"

"मंग मी खोटं सांगते?"

त्याने तिच्याकडे बघितलं नाही. दांडा घासत राहिला.

पावसासाठी बोटी बंद व्हायला महिनाभर उरला होता, तेव्हा मैना एका सकाळी म्हणाली, "बाय, भावोजींना सांगा, मी आईकडं जाऊन येते. वाडीतल्या गंगुबाय मुंबैला निघाल्यायत, बोटीनं हर्णैपर्यंत सोबत होईल."

काशीराम तिथंच होता. चिमेने सांगायच्या आधीच तो म्हणाला, "जाऊ दे." आणि उठून गोठ्याकडे गेला.

मैना बोचकं घेऊन पडवीत आली. त्या घरात आल्यापासून ती कधी पडवीत बसली नव्हती. आज बसली, परक्या प्रवाशासारखी, कडेला, गुडघे जवळ घेऊन. बाप्ये अजून आले नव्हते. गंगुबाय यायच्या होत्या. चिमेने तांब्या भरला, सवयीने गुळाचा खडा घेतला आणि तिच्यापुढं धरला.

मैनेने गूळ घेतला नाही. पाणी प्यायली.

"किती दिस ऱ्हाशील?"

"बगू. तुमचे धाकटे दीर काय म्हनतात त्येच्यावर."

सडकेवर कुणी नव्हतं. अर्ध्या भिंतीवर एक कावळा बसला होता.

"बाय," मैना म्हणाली, "तुमची पडवी मला नको व्हती."

"मी कुटं म्हनलं?"

"तुमी म्हनला न्हाय." मैनेने तांब्या खाली ठेवला. "दोन सालांमागं मला दवाखान्यात न्यायचं व्हतं, आठवतं? पोटात दुखत व्हतं."

"आठवतं की. मोटारीत तुझं पोट पडलं. दादूनं गाडी थांबवली व्हती."

"मोटारीत न्हाय पडलं."

चिमेने गुळाचा खडा खाली ठेवला.

"मोटार यायची व्हती. पडवीत बाप्ये व्हते, चिक्कार. मी तुमाला म्हनलं, बाय, मला बसवत न्हाय, आडवं व्हायचंय. तुमी म्हनलाव, थांब वायंच, ह्या लोकांना पानी देते. मी मागं गेले. गवताच्या उडवीच्या मागं. तितंच झालं सगळं. एकटीच व्हते. मंग भोंगा वाजला. मी लुगडं गुंडाळलं आनि मोटारीत जाऊन बसले. बाप्यांसमोर काय सांगू?"

चिमेला तो दिवस आठवला. चैत्रातला होता. पडवीत एक मुंबैचा माणूस आला होता, त्याने नवीन गाणी सांगितली होती, सगळे हसत होते. तिने पाणी दिलं होतं, दोनदा. मैनेचं तोंड तिला आठवेना.

"म्हनून म्हनलं, बायकांना वायंच जागा असावी," मैना म्हणाली. "बाकी मला काय करायचंय थांब्याशी?"

"तू मला का सांगितलं न्हायस?"

"तुमी कुटं विचारलंव?"

गंगुबाय आल्या, धापा टाकत, दोन गाठोडी घेऊन. मागोमाग भोंगा. दादू ओरडला, "वयनी, पानी!" चिमा जागची हलली नाही. दादूला वाटलं, ऐकू गेलं नसेल. परत ओरडला. मैना मोटारीत बसली तेव्हा तिने खिडकीतून बघितलं की नाही, हेही चिमेला कळलं नाही. धूळ बसेपर्यंत ती खांबाला टेकून उभी होती. मग घरात गेली नाही. मागच्या बाजूला गेली, उडवीची जागा होती तिथं. त्या वर्षीचं गवत संपलं होतं, मधला खांब तेवढा उभा होता. ती तिथं बसली. तिथून पडवीतला आवाज स्पष्ट ऐकू येत होता. रामा कुणाला तरी म्हणत होता, "वयनी कुटं गेल्या?"

तिला मैनेचा राग आला. हे सगळं इतकी वर्षं पोटात ठेवून ही माझ्याच घरात भाकरी थापत होती. मग रडू आलं. मग परत राग. ऊन डोक्यावर येईपर्यंत ती तिथंच होती.

उठली ती सरळ धोंडूच्या खळ्यात गेली.

"गाव गोळा करा," ती म्हणाली. "देवळात."

"का वो वयनी? परत सपान पडलं?"

"पडलंच न्हाय कवा."

देवळात सगळे जमले. लवू गुरव, धोंडू, लंगडत आलेला रामा, सगुणा आणि बायका मागं. काशीराम खांबापाशी उभा होता. चिमेने देवापुढं नारळ ठेवला आणि म्हणाली, "माज्या सपनात कोन आलं न्हाय. कांबळं न्हाय, काठी न्हाय. मी खोटं बोलले. मैनेचा काय दोष न्हाय."

"मंग बोललाव कशाला?" धोंडू ओरडला.

खरं उत्तर एवढ्या लोकांत सांगण्यासारखं नव्हतं. कुणी मारलं नाही, कुणी लुबाडलं नाही. लोक दुसरीकडे बसणार होते, एवढंच.

"बोलले," ती म्हणाली.

"माज्या घोवाचा पाय गेला व्हता!" सगुणा मागून म्हणाली. "मी रातभर राखनदाराला हात जोडत बसले!"

कुणीतरी थुंकल्याचा आवाज आला. लवूने गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला. गावाने ठरवलं, काम उद्यापासून सुरू. चिमेने पाऊस येईपर्यंत रोज चिरे वाहायचे, आणि तिच्या ओझ्याला कुणी हात लावायचा नाही.

तसंच झालं. सगुणा तिच्याशी बोलेना. चिमा चिरा घेऊन यायची, गुडघ्यावर बसायची, मान वाकवून एकटीने तो खाली सोडायची. दोनदा बोट चेंगरलं. कपाळाला खोक पडली. बायका बघायच्या आणि नजर फिरवायच्या. संध्याकाळी पडवीत कुणी येत नसे. मोटारीचे प्रवासी सडकेवरच उभे राहायचे, उन्हात. दादू आता तिच्याकडून पाणी मागत नसे, स्वतःचा तांब्या घेऊन यायचा.

काशीराम घरात मुका झाला. ती वाढायची, तो जेवायचा. पण भिंत वर चढत गेली तसा तो अडू लागला. मैना नव्हती. मागच्या बाजूचं सगळं तिच्या डोक्यात होतं. एका दुपारी तो भिंतीवर बसून बराच वेळ थापी हातात घेऊन थांबला. खाली चिमा चिखल कालवत होती.

"त्या कोनाड्याचं काय व्हतं?" तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

"दिव्याचा," चिमा म्हणाली. "खिडकीच्या उजव्या हाताला. वाऱ्यानं विझू नये म्हनून खोल घ्यायचा."

त्याने थापी चालवली. थोड्या वेळाने परत, "आनि पायरी?"

"एकच. बुटकी. पोटुशी बाय चढली पायजे."

सगळं तिला पाठ होतं. महिनाभर तिच्याच तोंडून गेलं होतं. तेव्हा तिला वाटायचं, आपण काही ऐकतच नाही, नुसतं इकडचं तिकडं करतोय. आता एकेक शब्द मैनेच्या आवाजासकट वर येत होता. काशीराम विचारत गेला, ती सांगत गेली. जेवतानाही. आता मध्ये कुणी नव्हतं.

एका गोष्टीत मात्र तिने मैनेचं ऐकलं नाही. ओझ्याचा दगड मैनेने छातीइतका उंच सांगितला होता. काशीरामने तसा बसवला. दुसऱ्या दिवशी चिमेने चिरा डोकीवरून त्यावर सरकवून बघितला. मैना उंच होती, किनाऱ्यावरची. चिमेला टाचा उचलाव्या लागल्या, आणि तेवढ्यात मान लचकली. दोन-तीनदा करून बघितलं.

"कमी करा," ती काशीरामला म्हणाली. "वीतभर."

"तिनं सांगितलं व्हतं येवढा."

"तिनं सांगितलं व्हतं. मी वाहतेय."

काशीरामने तिच्या कपाळावरच्या खोकेकडे बघितलं. मग दगड काढला, खाली खणलं आणि वीतभर खोल बसवला.

कौलं चढली आणि पाठोपाठ पावसाळा लागला. मोटार बंद झाली. नवा थांबा पावसात उभा राहिला, भिंतींचा तांबडा रंग धुऊन गडद होत गेला. लावणीच्या दिवसांत इरली घेतलेल्या बायका शेतातून मागच्या कट्ट्यावर येऊन बसायच्या, पेज प्यायच्या. गौरीचे नाच तिथंच झाले. चिमा समोरून पडवीतून ऐकायची. तिला कुणी बोलावलं नाही आणि ती गेली नाही. तिची पडवी आता नुसती पडवी होती, भात वाळत घालायची.

दसऱ्यानंतर मोटार सुरू झाली. आणि दिवाळीच्या आधी एका दुपारी मोटारीतून मैना उतरली. तिचं पत्र आलं होतं, पण दिवस ठरलेला नव्हता. चिमा पडवीत भाताची रास उलटत होती. तिने मैनेला पाहिलं. मैना काळवंडली होती, अंगाने बरी भरली होती. चिमा उठून पुढं होणार तेवढ्यात थांब्याच्या मागच्या बाजूने सगुणा धावत आली, आणखी बायका आल्या. "मैने! अगो मैने आली!" त्यांनी तिला हाताला धरून मागं नेलं.

चिमा सडकेच्या अलीकडे उभी राहिली. पलीकडून आवाज येत होते.

"बग, खिडकी बग. कोनाडा बग. जसं सांगितलंस तसं झालं सगळं."

"भावोजींनी इतकं ध्यानात ठेवलं?"

"ठेवलं की! काशीरामदादानं मरनाचं काम केलं."

चिमेला परत तोच राग आला. वाटलं, जाऊन सांगावं, तुमच्या दादाला काय ठाऊक होतं? एकेक गोष्ट मी सांगितली. वाटलं, परत घरात जावं, दार लावून घ्यावं. हातातला भात उलटायचा दांडा तिने खाली ठेवला आणि सडक ओलांडली.

भिंतीला वळसा घालून ती मागं आली तशी बोलणं थांबलं. कट्ट्यावर बायका ओळीने बसल्या होत्या. पुढं कापलेली शेतं, पलीकडे डोंगर. मैना कोपऱ्यात ओझ्याच्या दगडापाशी उभी होती. तिने चिमेकडे बघितलं. तिच्या डोकीवर बोचकं होतं, केळशीच्या सुक्या मासळीचं, नारळांचं, जड. तिने गुडघे जरा वाकवले, मान तिरकी केली आणि बोचकं दगडावर सरकवलं. मग दगडावर हात ठेवून थांबली.

"मी सांगितला व्हता त्येच्यापेक्षा बुटका हाय हा."

तिने बायकांकडे बघितलं.

"कोनी कमी केला?"

"मी," चिमा म्हणाली. "उंच लागत व्हता. मान लचकत व्हती."

मैनेने बोचकं उचलून डोकीवर घेतलं आणि परत उतरवलं. सावकाश, एकटीने. बायका बघत होत्या.

"बरा हाय," ती म्हणाली. "माजा चुकला व्हता."

चिमेच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि हे मैनेच्याच तोंडून ऐकावं लागलं याचा रागही आला. दोन्ही एकाच वेळी. तिने पदराने तोंड पुसलं. कट्ट्यावर जागा नव्हती. सगुणा टोकाला बसली होती. सगुणा तिच्याशी त्या दिवसापासून बोलली नव्हती. चिमा तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"सर गो वायंच," ती म्हणाली.

सगुणेने वर बघितलं. नंतर शेताकडे बघितलं. मग लुगडं आवरून घेतलं आणि सरकली. फार नाही. चिमा त्या तेवढ्याशा जागेत अर्धी बसली, एक पाय जमिनीवर टेकून.